जरा पाय मोकळे करून येऊ: सहकाऱ्याशी चालता चालता कसं बोलावं

सहकाऱ्याशी अवघड विषय काढायचा असेल तर त्याला केबिनमध्ये बोलावू नका. "चला, जरा पाय मोकळे करून येऊ," म्हणा आणि खाली उतरा. केबिनमधून बोलावणं आलं की माणूस खुर्चीवरून उठता उठताच उत्तरं जुळवायला लागतो. मध्ये टेबल, पलीकडे तुम्ही, तुमच्या हातात पेन. अशा ठिकाणी तो जे बोलतो ते नंतर कोणी फाइलीला लावलं तरी चालेल असंच असतं. फुटपाथवर दोघंही पुढे बघत चालता, मध्ये हातगाडी आली तर वाक्य तुटतं, आणि तुटलेलं वाक्य पुन्हा जोडायचं की सोडून द्यायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

मी जनरल इन्शुरन्समध्ये होते, क्लेम्स विभागात, निवृत्त होईपर्यंत. ऑफिस मुंबईत, फोर्टात. आग, चोरी, घाटात उलटलेला ट्रक, बंदरात भिजलेला माल, हे आमचं रोजचं. हॉलमध्ये टेबलाला टेबल लागलेलं, आणि केबिनला काच. आत कोण बसलंय ते सगळ्या हॉलला दिसे. कोणी जरा जास्त वेळ बसलं की बाहेर त्याची बदली नागपूरला की कोल्हापूरला, यावर चर्चा सुरू. त्यामुळे खरं बोलणं खालीच व्हायचं. तुमचं ऑफिस हिंजवडीला असेल नाहीतर सातपूरच्या एमआयडीसीत. मी सांगते त्यातल्या रस्त्यांची नावं बदला, बाकी बरंचसं लागू पडेल.

काय बोलायचं आणि काय वरच ठेवायचं

चालताना सगळंच चांगलं सुचतं असं नाही. 2014 साली स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या दोघांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना बसवून आणि चालवून प्रश्न घातले. एखाद्या वस्तूचे आणखी काय काय उपयोग होतील, अशा मोकळ्या प्रश्नांना चालणाऱ्यांना सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालवलं तरीही फायदा दिसला, म्हणजे समुद्र, झाडं, वारा हे सगळं नसलं तरी चालतं. मात्र ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर आहे तिथे चालणारे बसलेल्यांपेक्षा थोडे मागेच पडले. चालण्याचं कौतुक करणारे हा दुसरा भाग हमखास गाळतात, आणि कामाचा तर तोच आहे.

पडताळा घरबसल्या, म्हणजे घराबाहेर, घेता येतो. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन सांगत, की सोबत चालणाऱ्याला 23 गुणिले 78 तोंडी करायला सांगा, तो जागच्या जागी थांबेल. मी हे आमच्या अकाउंट्सच्या एका गृहस्थांवर करून पाहिलं. थांबले, तेही हुतात्मा चौकाच्या क्रॉसिंगवर. तेव्हा तुम्ही करणार असाल तर जागा बघून करा. उत्तर 1794.

म्हणून माझी वाटणी अशी. "या कामात नक्की अडतंय कुठे?", "नवीन माणसाला कोणतं टेबल द्यावं?", "तुझं आणि त्याचं बिनसलंय का?", "तुला इथे राहायचंय की बदली हवीय?" हे सगळं खाली. आकडे, तारखा, रजेचा हिशेब, कोणत्या कलमात काय बसतं हे वर, कागद समोर ठेवून. मेमो द्यायचा असेल, बढती हुकल्याचं सांगायचं असेल, तर तेही वर, दार लावून. काही साहेबांना वाटतं की वाईट बातमी चालता चालता दिली की सौम्य होते. सौम्य होते ती सांगणाऱ्याला. ऐकणाऱ्याला भर रस्त्यात डोळे पुसावे लागतात आणि पुन्हा त्याच माणसाबरोबर ऑफिसपर्यंत चालत यावं लागतं. बातमी खोलीत द्या. दुसऱ्या दिवशी, त्याची इच्छा असेल तर, फिरायला न्या.

कुणाची तक्रार असेल तर ती ऐकायला चालणं चांगलं, नोंदवायला नाही. नोंद कागदावरच व्हावी.

भिवंडीची फाइल

आमच्याकडे सांगलीकडचा एक मुलगा नवीन लागला होता. मीटिंगमध्ये "हो मॅडम" याच्यापुढे त्याची गाडी जात नसे. त्या वेळी भिवंडीच्या एका गोदामाच्या आगीचा क्लेम आला होता, कापडाच्या गाठी जळालेल्या. सर्व्हे रिपोर्ट व्यवस्थित, सही एका बुजुर्ग सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान पाहून अहवाल देणाऱ्याची. मीटिंगमध्ये कोणाला काही म्हणायचं नव्हतं.

डबा खाऊन मी त्याला घेऊन बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला निघाले. फाइल बरोबर आहे का, असं विचारलंच नाही. तसं विचारलं असतं तर "हो मॅडम" आलंच असतं. म्हटलं, "तू गोदाम बघायला गेला असतास तर आधी कुठे बघितलं असतंस?" तो बराच वेळ गप्प. मीही. एक अख्खी गल्ली संपली. मग म्हणाला, "मॅडम, एवढ्या गाठी त्या गाळ्यात मावत नाहीत." त्याचे वडील हळदीच्या गोदामात हिशेब ठेवायचे, पोत्यांच्या थप्प्या बघत तो मोठा झालेला. रिपोर्टातली गाळ्याची मापं वाचूनच त्याला ते जाणवलं होतं. पण सही मोठ्या माणसाची, आणि खोलीत सगळे मोठे.

मी लगेच "किती मावतील?" असं विचारलं नाही. वर आलो, कागद घेतला, लांबी-रुंदी-उंची मांडली, दोन रांगांमधली जायची-यायची जागा वजा केली. त्याचं म्हणणं बरोबर निघालं. सर्व्हेअरला पुन्हा पाठवलं, पुढचं सगळं रीतसर झालं.

बसून हिशेब करण्याची ही रीत काही आमच्या ऑफिसची नाही. 1938 च्या नाताळात लीझे माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश स्वीडनमधल्या कुंगएल्व गावी बर्फात फिरायला निघाले. दोघंही पदार्थविज्ञानातले. ती त्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीतून निसटलेली. बर्लिनहून ओटो हानचं पत्र आलं होतं, की युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर त्यात बेरियम सापडतंय, आणि ते कसं, हे कळत नाही. भाचा स्कीवर, मावशी पायी. बोलता बोलता अणूचं केंद्रक दुभंगत असेल, इथपर्यंत दोघं आले. आणि मग एका ओंडक्यावर बसून त्यांनी चिठोऱ्यांवर आकडेमोड केली. पुढे अणुविभाजन म्हणून जे जगाला कळलं त्याचा खुलासा त्या दुपारी झाला. मावशी-भाचे चालत होते तोपर्यंत कल्पना धावत होती, गणित आलं तसे ते बसले. आमच्या फोर्टात ओंडके नाहीत, पण एशियाटिक लायब्ररीच्या 30 पायऱ्या आहेत. पर्समध्ये एक छोटी वही आणि पेन असू द्या.

रस्ता आधी ठरवा

रस्ता न ठरवता निघालात तर अर्धं बोलणं "इकडून की तिकडून" यात जातं. रस्ता निवडताना दोनच गोष्टी बघा: दोघं शेजारी शेजारी चालू शकतात का, आणि आवाज न चढवता बोलता येतं का.

डबा खाल्ल्यावरच्या शतपावलीला बॅलार्ड इस्टेटसारखी जागा नाही. जॉर्ज विटेटच्या आराखड्यातल्या एकसारख्या दगडी इमारती, रुंद फुटपाथ, झाडं, आणि दुपारी मोजकीच वर्दळ. गोदी खणताना निघालेल्या मातीची भर घालून ही जमीन केली, त्यामुळे रस्तेही पट्टीने आखल्यासारखे. कितीही वळलं तरी चुकायला होत नाही. वेळ कमी असेल तर हॉर्निमन सर्कलला फेऱ्या. गोल रस्त्याचा फायदा असा, की बोलणं संपलं नसेल तर आणखी एक फेरी मारता येते आणि परत फिरायचा क्षण कधी येत नाही. सरळ रस्त्यावर तो येतोच. "चला, निघू या" म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपलं बोलणं पुरे झालं.

संध्याकाळी स्टेशन. हॉर्निमन सर्कलपासून वीर नरिमन रोडने फ्लोरा फाउंटनवरून चर्चगेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात. वेस्टर्न रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्या सहकाऱ्याशी ओळख वाढवायची तर हाच रस्ता, मग तुम्ही माझ्यासारख्या सेंट्रल रेल्वेच्या का असेनात. वेळ असेल तर हायकोर्टाच्या बाजूने जाऊन ओव्हल मैदानातल्या पायवाटेने पलीकडे निघा. एका अंगाला राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या इमारती. 2018 पासून या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारशात आहेत. बोलण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की तिथे हॉर्न जरा लांब राहतात.

सीएसएमटीकडे जाताना डी. एन. रोडच्या कमानींखालून सावली मिळते, पण मोबाइलची कव्हरं आणि पट्टे विकणाऱ्यांमधून एकामागे एक चालावं लागतं. समोरच्याच्या पाठीशी काय बोलणार?

मरीन ड्राइव्ह मी शेवटी सांगते, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. दुपारी ऊन डोक्यावर, संध्याकाळी गर्दी, आणि समुद्र दिसला की कामाचं कोणाला सुचत नाही. भांडण मिटल्यानंतर जावं.

आणि जोडीच असावी. फोर्टाच्या फुटपाथवर तीन माणसं एका ओळीत मावत नाहीत, तिसरा मागे पडतो आणि मान पुढे काढून ऐकत राहतो. तिघांचं काम असेल तर वरच बसा.

बोलावताना

विषय तिथल्या तिथे सांगा. "खाली या, बोलायचंय" एवढंच म्हटलंत तर लिफ्ट खाली जाईपर्यंत माणूस आपले सगळे गुन्हे आठवून काढतो. "भिवंडीच्या फाइलवर तुझं मत हवंय" असं म्हणा. काही झालेलं नसेल तर "काही झालेलं नाही" हेही स्पष्ट म्हणा. हाताखालच्या माणसाला ते ऐकायची गरज असते.

तुम्ही साहेब किंवा मॅडम असाल तर रोज एकाच माणसाला नेऊ नका. हॉल बघत असतो. पंधरवड्यात त्याच्यावर "मॅडमचा माणूस" असा शिक्का बसतो आणि मग त्याला कोणी काही सांगत नाही, तुम्हालाही त्याच्याकडून काही कळत नाही. शिपाई, टायपिस्ट, नवी मुलगी, युनियनचे सेक्रेटरी, सगळ्यांबरोबर कधी ना कधी चालायची सवय ठेवली की कोणालाच त्यात विशेष वाटत नाही. युनियनवाले तर खाली फार वेगळे असतात. वर घोषणा देणारे आमचे एक काका खाली मुलीच्या बारावीबद्दल बोलायचे आणि त्यातच बोनसचा प्रश्न अर्धा सुटायचा.

पुरुष साहेबांना एक वेगळं सांगते. हाताखालच्या मुलीला चालायला बोलावत असाल तर दिवसाउजेडी, माणसं असलेल्या रस्त्याने, आणि "नाहीतर इथेच बसून बोलू" हा पर्याय त्याच वाक्यात द्या. ती बसू म्हणाली तर कारण विचारू नका. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही कामाचीच धरली आहे. ऑफिसच्या दाराबाहेर नियम संपतात, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा.

चालताना

वेग हळू चालणाऱ्याचा. समोरचा अख्खं वाक्य एका दमात बोलू शकत नसेल तर तुम्ही धावताय. कोणत्या कानाने कमी ऐकू येतं ते एकदा विचारून ठेवा. आमच्या एका सर्व्हेअरचा डावा कान गेलेला, आणि त्यांच्या डाव्या बाजूने चालणाऱ्याला ते सदैव "बरोबर, बरोबर" म्हणायचे. लोकांना वाटे, माणूस किती समजूतदार!

मुद्दा पहिल्या दोन-तीन मिनिटांत काढा. आधी पाऊस, मग क्रिकेट, मग घरचं असं करत गेलात तर अर्धा रस्ता संपतो. एकदा विचारलंत की गप्प राहा. खोलीत शांतता पडली की कोणीतरी घाबरून ती भरून काढतो, इथे पाय चालू असतात म्हणून शांतता खुपत नाही. सिग्नल सुटायची वाट बघताना, कोणी रस्ता ओलांडताना, काही महत्त्वाचं विचारू नका. पलीकडे पोचल्यावर विचारा.

एक मात्र नेहमी होतं. मनातली गोष्ट अगदी स्टेशनच्या तोंडाशी बाहेर येते. इतका वेळ फाइलींवर बोललेला माणूस इंडिकेटरकडे बघत म्हणतो, "मॅडम, मी राजीनामा द्यायचा विचार करतोय." आणि तेवढ्यात बदलापूर फास्ट लागते. त्या दिवशी ती गाडी सोडा. सोडता येणार नसेल तर निदान "उद्या डबा झाला की खाली जाऊ" हे तिथल्या तिथे ठरवा आणि पाळा.

फोन पर्समध्ये. हातात धरलेला फोन वाजला नाही तरी बोलणाऱ्याचं लक्ष त्याच्यावर असतं. चहा शेवटी घ्या, कारण टपरीवर उभं राहिलं की आजूबाजूचे कान जमतात. फोर्टात तर जास्तच सांभाळावं लागतं. मागून चालणारा ब्रोकर असेल, सर्व्हेअर असेल, समोरच्या पार्टीचा वकील असेल. म्हणून रस्त्यावर पार्टीचं नाव कधी घेऊ नये. "ती भिवंडीवाली" एवढ्यावर दोघांचं काम भागतं. माणसांची नावंही शक्यतो टाळा.

जुलैत काय करायचं, हे नेहमी विचारलं जातं. दोन छत्र्या शेजारी चालू शकत नाहीत. एकीचं पाणी दुसरीच्या खांद्यावर पडतं आणि मध्ये इतकं अंतर राहतं की ओरडून बोलावं लागतं. हॉर्निमन सर्कलच्या इमारतींखाली गोल कमानी आहेत, तिथे फिरा. तुमच्याकडे कमानी नसतील तर ऑफिसचा लांब पॅसेज किंवा पार्किंगचा मजला. मे महिन्यात दुपारी कोणाला बाहेर काढू नका, साडेपाचनंतर बघा. कारखान्यात शॉप फ्लोअरवर मात्र हा प्रयोग नको, तिथे आवाजही असतो आणि पायाखाली बघावंही लागतं. गेटपासून कॅन्टीनपर्यंतचा रस्ता वापरा.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना यातून वगळू नका. आमच्या एका बाईंच्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. त्यांच्याबरोबर मी हॉर्निमनच्या बागेत बाकावर बसायचे, दोघींची तोंडं झाडांकडे. शेजारी बसलं आणि समोर टेबल नसलं तरी बरंच साधतं. घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याबरोबर कानात इअरफोन घालून, तो त्याच्या सोसायटीत आणि तुम्ही तुमच्या, असंही जमतं. फक्त व्हिडिओ बंद ठेवा, आणि दोघंही चालत असल्याची खात्री करा. एक जण स्क्रीनसमोर बसलेला असला की त्याची बोटं ईमेलकडे जातात.

वर आल्यावर

लिफ्टमध्ये शिरण्याआधी, जे ठरलं ते तोंडाने एकदा म्हणा. "म्हणजे तू मापं काढणार, मी सर्व्हेअरला फोन करणार." जागेवर गेल्या गेल्या दोन-तीन ओळी लिहून काढा, दुसरी फाइल उघडण्याआधी. कामाचं असेल तर व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा, "बोलल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत मापं." खासगी काही असेल तर काहीही लिहू नका, कुठेही. आणि त्याची सूचना तुम्हाला पटली असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये ती त्याच्या नावाने मांडा, आधी त्याला विचारून. "मला काल सुचलं" म्हणून साहेबांनी मांडली, की तो माणूस पुन्हा तुमच्याबरोबर खाली येईल, पण बोलणार नाही.

हे सगळं वरच्याने खालच्याला बोलावण्याबद्दल झालं. उलट बाजूने, तुम्हाला साहेबांशी बोलायचं असेल आणि ते "वेळ नाही" म्हणत असतील, तर "स्टेशनपर्यंत येते तुमच्याबरोबर" म्हणा. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, कारण त्यांना तसंही जायचंच असतं. साहेब गाडीने जाणारे असले तर लिफ्टपासून गाडीपर्यंतच्या दोन मिनिटांत मुद्दा उरकायचा प्रयत्न करू नका. तिथे फक्त दिवस मागून घ्या: "उद्या डब्यानंतर एक चक्कर मारू या का सर, बदलीबद्दल बोलायचं होतं."